स्टँडवरची सायकल

घरात तान्हं बाळ आहे? मग थंडीच्या दिवसांत त्याच्या आंघोळीच्या वेळी जरा जवळ उभे राहा. टॉवेलमधून बाहेर काढलं की ते किंचाळेल, लालबुंद होईल, पाय झाडेल. पण आपल्यासारखं कुडकुडणार नाही. दात वाजायचा तर प्रश्नच नाही, दात आहेत कुठे!

कुडकुडणं म्हणजे स्नायू थरथरवून ऊब तयार करणं. बाळाला ते अजून नीट जमत नाही. त्याची शेगडी वेगळीच असते. मानेपाशी आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध साठलेली तपकिरी चरबी!

चरबी, आणि तपकिरी? आपल्या ओळखीची चरबी पांढरट-पिवळी. तिच्या एकेका पेशीत तेलाचा एकच टपोरा थेंब असतो, डब्यात भरून ठेवलेल्या तुपासारखा. तपकिरी चरबीच्या पेशीत मात्र थेंब बारीक बारीक, आणि त्यांच्याभोवती तंतुकणिकांची दाटी. तंतुकणिका म्हणजे पेशीतल्या अन्न जाळणाऱ्या चुली. त्यांच्यातल्या काही प्रथिनांत लोह असतं, त्यानं हा रंग येतो.

इतर पेशींमध्ये या चुली अन्न जाळून कामाला लागणारी ऊर्जा बांधून ठेवतात. तपकिरी चरबीत 'यूसीपी-१' नावाचं एक प्रथिन मधेच चोरवाट उघडतं आणि ती ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. सायकल स्टँडवर लावा आणि जोरात पेडल मारा. चाक गरगर फिरतं, अंग तापतं, पण सायकल जागची हलत नाही. अगदी तसंच.

मग थंडी नसेल, पण जेवण जास्त झालं असेल तर? 1979 मध्ये लंडनच्या नॅन्सी रॉथवेल आणि मायकेल स्टॉक यांनी उंदरांना रोजचं कोरडं खाद्य सोडून माणसांचे चटकदार पदार्थ दिले, तेही बदलून बदलून. उंदरांनी आडवा हात मारला! पण खाल्ल्याच्या मानानं वजन वाढलंच नाही. त्यांची तपकिरी चरबी मात्र वाढली होती आणि जादा अन्नातलं बरंच उष्णतेच्या रूपानं उडून जात होतं.

माणसात ही चरबी बाळपणानंतर जवळपास संपते, अशी समजूत होती. पण कर्करोग शोधण्यासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये काही मोठ्या माणसांच्या मानेत आणि गळपट्टीच्या हाडापाशी साखर खाणारे ठिपके चमकायचे. थंडीत जास्तच. गाठी नव्हत्याच त्या! 2009 मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात तीन शोधनिबंध आले आणि मोठ्यांच्या अंगातही ही शेगडी असते हे पक्कं झालं. अर्थात ती असते अगदी छोटी. तिच्या भरवशावर चौथा गुलाबजाम उचलू नका, आपण काही ते लंडनचे उंदीर नव्हे.

आणि डुकरांकडे तर ती शेगडीच नाही. यूसीपी-१ तयार करणारा त्यांचा जनुक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच मोडला. म्हणून डुकराची पिल्लं जन्मल्या दिवसापासून कुडकुडतात, आणि पाळणारे त्यांच्यावर उबेसाठी दिवा टांगून ठेवतात.