कवाड नसलेले नदीपात्र

ज्या शनिशिंगणापुरातील घरांना कवाडे नसतात अशी ख्याती आहे, त्याच्या शेजारच्या सोनईच्या परिसरात कवाड नसलेली आणखी एक ठेव आहे. ती म्हणजे नेवासे तालुक्यातून प्रवरेच्या भेटीस निघालेल्या मुळेच्या पात्रातील वाळू. शिंगणापुरात चोरीला देवाचा धाक आहे, अशी श्रद्धा. नदीच्या वाट्याला मात्र तो धाक आलेला नाही. वाळूचा थर पुराचे पाणी धरून ते सावकाश भूगर्भात मुरवतो, आणि तो उपसला गेला म्हणजे पात्र खोल जाऊन काठच्या विहिरींचे पाणीही त्याच्यामागे खाली उतरते. उसावर जगणाऱ्या या मुलखाला ही हानी किती जिव्हारी लागते, हे निराळे सांगायला नको.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 48 प्रमाणे अशी गौण खनिजे सरकारच्या मालकीची असून, विनापरवाना उपसा करणाऱ्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो व वाहनाचीही जप्ती होते. 1957 च्या केंद्रीय खनिज कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु त्या कायद्याखाली अधिकृत अंमलदाराच्या लेखी फिर्यादीवाचून न्यायालयास दखल घेता येत नाही, या तरतुदीचा आडोसा आरोपी दीर्घकाळ घेत आले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तो दूर केला: खनिज कायद्याचा भंग हा एक गुन्हा, आणि सरकारच्या संमतीवाचून वाळू उचलून नेणे ही फौजदारी चोरी, हा दुसरा.

जे सर्वांचे आहे ते नेणाऱ्याला चोर म्हणायचे कसे, हा पेच इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनाही पडला होता. चोरीची ठराविक, कठोर शिक्षा देण्यापूर्वी ते ‘हिर्झ’ पाहात, म्हणजे वस्तू बंदोबस्तात होती की नाही. शिवाय गवत, लाकूड, मासे असे मुळात सर्वांना खुले असलेले पदार्थ हनफी पंथाने त्या शिक्षेतून वगळले. याचा अर्थ गुन्हेगार मोकळा सुटे असा नव्हे; त्याला ‘ताझीर’, म्हणजे काझीच्या विवेकावर सोपवलेली शिक्षा होई. नगरजवळ भिंगार येथे 1707 साली मृत्यू पावलेल्या औरंगजेबाच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘फतावा-इ-आलमगिरी’ हा याच हनफी परंपरेचा ग्रंथ होय.

परंतु मला याहून मोलाची वाटते ती येमेनमधील मारिबच्या मिठाची कथा. अब्यद इब्न हम्माल याने ते मीठ मागितले व पैगंबरांनी दिले. पण ते अखंड वाहत्या पाण्यासारखे, हात घालताच मिळणारे आहे असे कळताच त्यांनी ते दान परत घेतले. पुढे अकराव्या शतकात मावर्दी या धर्मशास्त्रज्ञाने उघडी आणि दडलेली खनिजे असा भेद केला, आणि उघड्या खनिजांवर कोणा एकाची सनद चालणार नाही असे लिहिले.

नदीची वाळू उघडीच आहे. केवळ दंड आकारून तिला राखू पाहणे म्हणजे तो दंड डिझेलच्या खर्चात मांडण्याची मुभा देणे होय. म्हणून चोरीची फिर्याद मला अधिक न्याय्य वाटते. तरीही उपसा झालेल्या जागेच्या पंचनाम्यात ब्रास मोजले जातात, वाहनाचा क्रमांक लिहिला जातो. पण काठच्या विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, याला त्यात रकाना नाही. तो असावा, आणि त्यातील आकडा न्यायाधीशाने शिक्षा ठरवताना वाचावा, अशी माझी विनंती आहे.