पित्त समजून गिळलेली अर्धशिशी

इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या बाजारपेठेत औषधाच्या दुकानाशी थोडा वेळ उभं राहिलं, की एक मागणी हमखास कानावर पडते: ‘डोक्याची एक गोळी द्या, आणि पित्ताचीही द्या.’ मागणारी बहुतेकदा बाई असते. सकाळपासून अर्धं डोकं ठणकत असतं, उजेड नकोसा झालेला असतो, पोटात ढवळत असतं. दुपारी उलटी होते, मग जरा झोप लागते आणि संध्याकाळी ती पुन्हा चुलीपाशी किंवा शेतात असते. उलटीनंतर बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं, याबद्दल घरात कुणाला शंका उरत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अशी वर्षांमागून वर्षं जातात.

यातल्या कितीतरी जणींचा आजार पोटात नसतो. तो अर्धशिशीचा, म्हणजेच मायग्रेनचा असतो आणि मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे. त्याला पित्त म्हटलं की उपचार पोटावर होतात, डोक्याला मिळतात त्या फक्त दुकानातल्या सुट्या गोळ्या, आणि पुढे त्या गोळ्याच डोकं दुखवू लागतात. नाव चुकलं की वाट चुकते, ती अशी.

हा त्रास मोजक्यांचा नाही. शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत घरोघरी जाऊन १८ ते ६५ वयाच्या २,३२९ जणांची पाहणी झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण निघालं सुमारे २५ टक्के, म्हणजे चारांत एक. बायकांत ते पुरुषांपेक्षा जास्त होतं आणि खेड्यांत शहरापेक्षा जास्त. डोकेदुखी हा शहरी, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

ओळखायची कशी?

मायग्रेन दाखवणारी रक्ततपासणी नाही, एक्स-रेही नाही. निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून. जगभरचे डॉक्टर त्यासाठी ठरलेले निकष वापरतात. उपचार न घेतल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकतं. एका बाजूला दुखणं, ठणका असणं, दुखणं मध्यम ते तीव्र असणं आणि चालण्या-वाकण्याने ते वाढणं, या चारांपैकी निदान दोन गोष्टी असतात. सोबत मळमळ किंवा उलटी असते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सहन होत नाहीत. असे किमान पाच झटके येऊन गेले असतील आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर ती अर्धशिशी. नावात ‘अर्ध’ असलं तरी अनेकांचं पूर्ण डोकं दुखतं. लहान मुलांत तर बहुधा दोन्ही बाजूंनीच दुखतं.

काहींना दुखण्याच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चकाकत्या रेषा दिसतात, नजरेचा एक तुकडा पुसट होतो किंवा हाताला, ओठाला मुंग्या येतात. ही पूर्वसूचना साधारण ५ मिनिटं ते तासभर टिकते.

दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं, मंद, मळमळ नसलेलं दुखणं बहुधा ताणाच्या डोकेदुखीचं असतं. ‘सायनस’ म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात मायग्रेन असतो, कारण झटक्यात नाक चोंदतं आणि डोळ्याला पाणीही येतं. चष्म्याचा नंबर आणि थोडं वाढलेलं बीपी यांच्यावरही असाच आळ येतो. डोळे आणि बीपी जरूर तपासावं, पण तिथेच शोध थांबवू नये.

मेंदूत काय घडतं?

१९४४ साली ब्राझीलचे शास्त्रज्ञ आरिस्तिदिस लेयाओ यांनी प्राण्यांच्या मेंदूवर प्रयोग करताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली. मेंदूच्या पृष्ठभागावर आधी उत्तेजनेची आणि मागोमाग सुस्तीची लाट उठते आणि मिनिटाला काही मिलिमीटर या संथ गतीने पुढे जाते, भाताच्या एका खाचरात सोडलेलं पाणी सावकाश पुढच्या खाचरात उतरावं तशी. डोळ्यांपुढच्या चकाकत्या रेषांमागे हीच लाट असल्याचं पुढे मानलं गेलं.

वेदना मात्र चेहऱ्याची आणि डोक्याची जाणीव वाहणाऱ्या त्रिधारा नसेशी निगडित आहे. ही नस चेतली की तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि वेदनेचे संदेश धावू लागतात. हे कोडं उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. आज याच द्रव्याला अडवणारी औषधं निघाली आहेत.

आणि पित्त? झटक्याच्या वेळी मेंदूतली मळमळीची केंद्रंही चेततात आणि जठराचं काम मंदावतं. म्हणजे ढवळणं आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग असतो. जठर मंदावल्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते आणि ‘मला गोळी लागूच पडत नाही’ असं वाटतं. म्हणूनच डॉक्टर वेदनाशामकाबरोबर उलटी थांबवणारं औषध देतात. आम्लपित्ताच्या गोळीने झटका थांबत नाही.

झटका येतो कशाने?

अर्धशिशीची प्रवृत्ती बरीचशी वारशाने येते. आईला किंवा मावशीला होती का, हे विचारून पाहावं. असा मेंदू नेहमीच्या लयीतला बदल सहन करत नाही. झोप कमी झाली, जेवण चुकलं, ऊन लागलं, पाळी जवळ आली, की झटक्याला निमित्त मिळतं. पाळीआधी शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, हे बायकांत प्रमाण जास्त असण्याचं एक मोठं कारण आहे.

इगतपुरी तालुक्यातलं वर्ष पाहिलं तर ही निमित्तं ओळीने मांडलेली दिसतात. भात आवणीच्या दिवसांत पहाटे नुसत्या चहावर घर सोडायचं आणि दिवसभर वाकून चिखलात राबायचं. पुढे श्रावणाचे उपास. नवरात्रात उपाशीपोटी कळसूबाई चढायची. भात गिरणीत काम असेल तर दिवसभराचा आवाज आणि तुसाची धूळ. महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला रात्रीचे प्रखर दिवे आणि अपुरी झोप. नाशिक किंवा कल्याणला रोज रेल्वेने जाणाऱ्यांचा नाश्ता तर सुटलेलाच असतो.

आपल्याकडच्या एका निमित्ताची नोंद मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी केली. डोक्यावरून अंघोळ केली की डोकं उठतं, असं सांगणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं त्यांनी २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडली. न्हायल्यावर डोकं धरतं, ही बायकांची जुनी तक्रार पाश्चात्त्य पुस्तकांत नव्हती. कुणीतरी ती नीट ऐकून घेतली, म्हणून ती शास्त्रात आली.

प्रत्येकीची निमित्तं वेगळी असतात. ती शोधायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे. दुधाच्या हिशेबाशेजारी डोकेदुखीचा दिवस, किती तास दुखलं, किती गोळ्या घेतल्या, पाळी, उपास आणि जागरण लिहावं. तीन महिन्यांत आजाराचा स्वभाव दिसू लागतो. उपास सोडवत नसेल तर पाणी आणि ठरलेल्या वेळी थोडं खाणं सांभाळावं. ठरावीक झोप आणि वेळेवर जेवण हाही उपचारच आहे.

गोळीचा हिशेब

झटक्याची गोळी सुरुवातीलाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मात्रेत घ्यावी आणि अंधाऱ्या, शांत खोलीत पडावं. कपाळावर गार पाण्याची घडी किंवा बाम यांनी बरं वाटत असेल तर तेही करावं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी पुष्कळांचं भागतं. न भागल्यास ट्रिप्टान गटातली औषधं असतात, पण हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना ती चालत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार, जठरव्रण किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

धोक्याची रेघ कुठे आहे, हे मात्र प्रत्येकाला माहीत हवं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर औषधांच्या अतिवापरानेच डोकं दुखू लागतं. गोळी उतरली की डोकं उठतं, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडता येतं.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस डोकेदुखीत जात असतील तर झटके कमी करणारी रोजची औषधं असतात: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. यातली बरीचशी जुनी आणि स्वस्त आहेत. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि नेमके त्याआधीच लोक ती सोडतात. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून शेजारणीची चिठ्ठी आपल्याला उपयोगी नाही.

बायकांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. डोळ्यांपुढे रेषा दिसण्यासारखी पूर्वसूचना येत असेल, तर माला-एन, माला-डीसारख्या मिश्र संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंना ही गोष्ट आवर्जून सांगावी. तांबी किंवा ‘छाया’ गोळी असे दुसरे पर्याय आहेत.

इथे थांबू नका

• क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी.
• तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, आकडी (फिट) येणं.
• ताप आणि मान ताठरणं.
• डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं.
• गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी.
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेलं किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं.
• लाल, दुखरा डोळा आणि अंधुक नजर.

यातलं काही दिसलं तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा तडक रुग्णालय गाठावं. इगतपुरीच्या पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी हवी. भातखाचरात काम करणाऱ्याला तापासोबत जोराची डोकेदुखी झाली, तर लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, डेंगी, मलेरिया यांची शक्यता तपासावी लागते. डेंगीची शंका असेल तर आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळावं, रक्तस्रावाचा धोका असतो.

दहा मिनिटांची मागणी

अर्धशिशीच्या उपचारासाठी लगेच मुंबई गाठावी लागत नाही. घोटीत ग्रामीण रुग्णालय आहे, जवळ धामणगावला एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून फोनवरही डॉक्टरांचा सल्ला मिळतो. जाताना तीन महिन्यांची नोंद आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्यावीत. ‘पित्त झालंय’ असं निदान आपणच सांगू नये. कुठे दुखतं, किती तास दुखतं, उजेड सोसतो का, एवढं सांगावं. धोक्याची लक्षणं नसतील तर सीटी स्कॅनसाठी हट्ट धरू नये, आणि सुई-सलाईनसाठीही नाही.

घरच्यांचाही वाटा आहे. अंधारात पडलेल्या बाईला ‘कामाचा कंटाळा आला’ असं म्हणणं थांबायला हवं. जगभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना सर्वाधिक अकार्यक्षम करणाऱ्या आजारांत मायग्रेन अगदी वर आहे. तो पूर्ण मुळापासून जात नाही, पण योग्य उपचारांनी महिन्यातले बरेच दिवस परत मिळवता येतात. त्यासाठी लागते ती लिहून ठेवलेली नोंद आणि दहा मिनिटं नीट ऐकून घेणारा डॉक्टर. ती दहा मिनिटं मागणं हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे, आणि तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत जाणं ही घराची जबाबदारी.