आधी ताट विचारा, मग तक्ता लिहा

नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्याआधी ६ महिने रुग्णालयात प्रशिक्षण घ्यावे लागते. भंडारा हा धानाचा जिल्हा. इथे शिकाऊ मुलगी मधुमेही रुग्णाला ‘भात बंद’ लिहून देते, तेव्हा कागद घरी जातो; भात ताटातच राहतो. चांगली मार्गदर्शिका तो तक्ता नुसता खोडत नाही, विचारायला शिकवते : भात किती वाट्या? स्वयंपाक कोण करते? रमजानमध्ये रोजे ठेवता का, सहरीला काय खाता? ‘रोजा ठेवू नका’ एवढेच ऐकलेला रुग्ण पुढे रोजा लपवतो. मग रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास रोजा लगेच सोडायचा, आणि औषधांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या, हे त्याला कोण सांगणार? शिकाऊ मुलीचे कान तयार करणे, हेच मार्गदर्शिकेचे खरे काम.