गळाला काय लावायचे?

वावरच्या एका पाड्याखाली ओढा वळतो, तिथे लहानसा डोह आहे. दहाएक वर्षांपूर्वी भाद्रपदात मी तिथे पहिल्यांदा गळ घेऊन बसलो. माशांवरची मिळतील ती पुस्तके वाचून झाली होती, त्यामुळे तयारी जय्यत होती: मुंबईत घेतलेला रबरी बेडूक, आणि हिंग-हळद घालून मळलेल्या कणकेचा मुठीएवढा गोळा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी बेडूक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ते हसले. कणकेकडे पाहून मात्र हसले नाहीत. "सर, खायाचं पीठ पाण्यात टाकायचं?" एवढेच म्हणाले.

कोणता मासा कोणत्या आमिषाला लागतो, हा माझ्या अभ्यासाचा प्रश्न होता. त्याच्याही आधी आणखी एक प्रश्न असतो, हे मला त्या दिवशी कळले. आमिष म्हणून घरातले काय देणे परवडते?

वावर-वांगणी ही नावे जुन्या वाचकांना आठवत असतील. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या या भागात कुपोषणाने बालके दगावली आणि तोवर नकाशावर शोधावी लागणारी ही नावे राज्यभर पोचली. इथला पाऊस महाराष्ट्रातल्या मोठ्या पावसांपैकी. पण उतारावरचे पाणी उतारानेच जाते, आणि नागली-वरई-भाताचे एक पीक घरात यायच्या आधीचे आषाढ ते भाद्रपद हे महिने सर्वांत ओढीचे. त्या दिवसांत ओढ्यातले खेकडे, झिंगे, बोटाएवढे मासे हे कालवण असते. तेव्हा गळाला पीठ लावणे म्हणजे काय, हे मामांनी मला एका वाक्यात सांगितले होते.

राजाला हा प्रश्न पडत नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा सुमारे ११३१ सालचा संस्कृत ग्रंथ. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा कुठे ते मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांपुढे आले. माशांचे प्रकार, कोणाला काय खाऊ घालावे, दोर कसा, गळ कसा, हे सारे त्यात आहे. काही माशांसाठी पिठाचे गोळे, तर मांसभक्षक माशांसाठी मांस. मासा पाहून आमिष ठरवावे, हे तत्त्व जवळपास नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. फक्त तिथे मासेमारी हा विनोद आहे, म्हणजे करमणूक. आधी खाऊ घालून मासे जागेला सवयीचे करायचे आणि मग गळ टाकायचा. इतके पीठ पाण्यात घालायला राजवाडाच हवा.

आता प्रत्यक्ष पाण्याकडे येऊ. माझ्या वह्यांमधून जे निघते ते थोडक्यात असे, की आमिष माशाइतकेच पाण्याच्या रंगावरही ठरते. पावसाळ्यात ओढा लाल-गढूळ असतो, वीतभर पुढचे दिसत नाही. अशा पाण्यात डोळ्यांवर जगणारा मासा उपाशी राहतो आणि वासावर जगणारा पोट भरतो. शिंगट्याच्या मिशा शोभेच्या नसतात. त्यांवर चव ओळखणारे बिंदू असतात, तो तळाचा चिखल जणू जिभेने चाचपत जातो. वामही रात्रीचा, दगडाखालचा. या दोघांना गांडूळ लागते. ते शेणाच्या उकिरड्याखाली फुकट मिळते आणि त्यावर कोणाच्या ताटाचा हक्क नसतो. लावताना सगळे ओवून टाकायचे नाही. शेवटचे बोटभर टोक मोकळे वळवळत ठेवायचे. मी सुरुवातीला गळाचे टोक झाकण्याच्या नादात गांडुळाची माळच करून टाकत असे. ते लगेच मरते, आणि पाण्यात धुऊन फिकट झालेल्या त्या दोऱ्याकडे शिंगटाही वळत नाही.

पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली उधई निघते, तेव्हा पृष्ठभागावर टिपणारे लहान मासे तिच्यावर तुटून पडतात. झाडावर पाने शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची अंडीही चांगली. बंगालमधले हौशी गळवाले त्यांवर जीव टाकतात. पण ती काढताना मुंग्या जे करतात ते सोसायची तयारी हवी. माझी एकदाच होती. उंबराच्या फांद्या डोहावर आल्या असतील तर पिकले उंबर लावून पाहावे. वरून फळ पडल्याचा 'डुबुक' आवाज ओळखणारे मासे असतात, खडसासारखे, आणि तिथे वासापेक्षा आवाजच आमिषाचे काम करतो.

मात्र ज्याच्यासाठी लोक खरी झोप मोडतात तो मासा म्हणजे मरळ. ओढ्यात आणि भाताच्या खाचरात त्याचा धाकटा भाऊ डोक सापडतो. मोठा मरळ खोल डोहात आणि धरणांच्या काठच्या गवतात. तो पाठलाग करणारा शिकारी नाही. शेवाळात, बुडालेल्या फांदीशी तो लाकडासारखा पडून राहतो आणि टप्प्यात आलेल्यावर झडप घालतो. हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर येतो, तेव्हा उठणाऱ्या बुडबुड्यावरून त्याची जागा कळते. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील तळ्यांत पिकरेल नावाचा मासा आहे. मरळशी त्याचे कुळाचे काही नाते नाही, पण राहणी तीच: गवत, दबा, झडप. म्हणून आमिषेही तीच निघतात, म्हणजे जिवंत छोटा मासा, बेडूक, नाहीतर चकाकणारा पत्र्याचा चमचा. आयझॅक वॉल्टनने १६५३ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात याच कुळातल्या पाइक माशासाठी गळाला बेडूक कसा लावावा हे अगदी सुई-रेशमासह, एका टाक्यापर्यंत सांगितले आहे. दबा धरणाऱ्याला भुलवायचे तर हालचाल हवी, एवढेच या सगळ्यामागचे कारण.

जिवंत मासा लावायची रीत मामांकडून शिकलो. खवली जातीचा बोटाएवढा मासा घ्यायचा. पाठीवरच्या पराच्या किंचित खाली, कणा सोडून, गळ आरपार न्यायचा, म्हणजे तो पोहत राहतो. मरळने धरला की लगेच झटका द्यायचा नाही. तो आधी आडवा धरून आडोशाला नेतो आणि मग फिरवून गिळतो. घाई केली तर हातात अर्धी खवली येते. बेडकाबद्दल मी कोणाला सल्ला देत नाही. शेतातला मोठा बेडूक कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्या पायांची निर्यातही १९८७ पासून बंद आहे. त्याच्या जागी रबरी बेडूक उत्तम काम करतो, हे मी मामांपुढेच सिद्ध केले. त्याचे गळ वर वळलेले असल्याने तो गवतात अडकत नाही. दोन वेळा खेचून तिसऱ्यांदा थांबवायचा, झडप बहुधा त्या थांब्यावरच येते.

पण याच रबरी बेडकाचा एक उपयोग मला सांगताना संकोच वाटतो. पावसाळ्यात मरळची पिल्ले लालसर रंगाची, शेकड्यांनी, एकाच गोळक्यात पृष्ठभागावर उकळल्यासारखी दिसतात आणि खाली आईबाप पहाऱ्याला असतात. त्या गोळक्यातून काहीही फिरवले, तरी पालक मासा त्यावर तुटून पडतो, भुकेने नव्हे, राखणीसाठी. ज्याच्यापाशी भुलवण्याचे दुसरे कौशल्य नाही त्यालाही असा मासा मिळतो. पालक गेला की ते गोळके इतर माशांचे खाद्य होते. डोकाचे तर आणखी नाजूक; त्याचा नर अंडी-पिल्ले तोंडात बाळगतो. मामा म्हणत, लाल दिसलं की गळ उचलायचा. शहरातून आलेल्या हौशी मंडळींना मी नेमके तिथेच बेडूक फेकताना पाहिले आहे. पहिल्या वर्षी मीही फेकला होता, आणि मासा लागलाही होता.

दिवाळीनंतर ओढा निवळतो. मग वास मागे पडतो आणि दृष्टीचे राज्य सुरू होते, म्हणजे जिवंत माशाचे दिवस. वह्या चाळताना एक गोष्ट उशिरा लक्षात आली. भात घरात आलेले असते तेही याच दिवसांत. श्रावणात बोटाएवढी खवलीसुद्धा कालवणात जाते, ती मोठ्या माशाच्या आशेवर पणाला लावायची कोणाची छाती नसते, कार्तिकात होते. पाण्याचा रंग आणि घरातली कणगी एकाच वेळी बदलतात, त्यामुळे गांडुळाकडून माशाकडे जाण्याचे कारण फक्त पाण्यात शोधणारी पुस्तके मला अपुरी वाटतात.

अडचण अशी की गळ जाणणारे बहुतेक हात त्याच सुमारास गाव सोडतात. कापणी उरकली की वीटभट्ट्यांची, बांधकामांची वाट धरायची, ती पावसापर्यंत. मोखाड्यात कोचाळ्याजवळ २०१४ साली मध्य वैतरणा धरण उभे राहिले, मुंबईसाठी आणखी पाणी अडले, मरळला आणखी काठ मिळाला. पण पाणी निवळते तेव्हा काठावर म्हातारीच माणसे उरतात. पोरे परततात ती गढूळ पाण्याला. त्यांना गांडूळ येते, खेकडा येतो. जिवंत खवली लावायला त्यांनी शिकायची कधी?

गेल्या कार्तिकात मी गेलो तेव्हा मामा एकटेच डोहावर होते. नातू आईबापांबरोबर भट्टीवर गेला होता. डब्यात दोन खवल्या जिवंत ठेवलेल्या होत्या. एक त्यांनी माझ्याकडून लावून घेतली, कण्याच्या किती खाली ते बोट ठेवून दाखवले. अंधार पडेपर्यंत काही लागले नाही. दुसरी खवली रात्री कालवणात गेली.