सौरपंपाला ऊन हवं की उजेड?

बेडसे : सौरपंप घेताना शेतकरी हमखास विचारतात, ऊन तापलं की पाणी जास्त येणार ना? तसं नाही. पॅनेल चालतं उजेडावर. १९०५ मध्ये आइन्स्टाईन यांनी मांडलं, की उजेड सुट्या पुड्यांनी येतो. एक पुडी सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला जागेवरून सोडवते, त्यातून वीज होते. पण त्या एकाच पुडीत तेवढा जोर पाहिजे. पाण्याच्या एटीएमला पाचाचं नाणं लागत असेल तर रुपयाची कितीही टाका, पाणी येत नाही. नुसती ऊब देणाऱ्या किरणांचं तसंच.

उलट पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं, की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणून ते पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. ढगाळ दिवसांत वीज कमीच मिळते. पण मावळातल्या पावसात पंप लावतो कोण!