काढा, इंधन आणि रुग्णाचे स्वयंपाकघर

आपण लिहून दिलेला काढा रुग्णाच्या स्वयंपाकघरात सिद्ध होतो. म्हणून तेथील इंधनाचा विचार औषधयोजनेपासूनच व्हावा, असे आम्हांस वाटते.

शार्ङ्गधरोक्त क्वाथविधीत १ भाग द्रव्य, १६ भाग जल व अष्टमांश शेष असे प्रमाण आहे. १० ग्रॅम भरडीसाठी १६० मि.लि. पाणी आटवून २० मि.लि. उरवावे लागते; १४० मि.लि. पाण्याची वाफ होते. कठीण मुळे व साली यांसाठी हा व्यय अपरिहार्य होय. तेथे गॅस वाचवण्यासाठी काढा अर्धवट उतरवणे शास्त्रसंमत नाही.

परंतु अंतर्दाह व तृष्णा यांवर धान्यक हिम योजल्यास शेगडी पेटवावीच लागत नाही. कुटलेले धने सहापट पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून साखरेसह द्यावेत; मधुमेहींस साखर वर्ज्य. सुगंधी द्रव्यांचा फांट करावा. चौपट उष्णोदक पुरते आणि उकळण्याने उडून जाणारा गंधही टिकतो.

औषधविक्रेत्या बंधूंनी रुग्णाने आणलेल्या कोरड्या डब्यात भरड द्यावी. गाळून उरलेला चोथा कुंडीतील मातीत मिसळण्यास सांगावे. कल्पनेची योग्य निवड झाल्यास रुग्णहित व इंधनबचत दोन्ही साधतात.