उपग्रह दूरचित्रवाणी : वर्गणीदारांची पडताळणी आणि तिची मर्यादा

विजेच्या तारेवर आकडा टाकून कोणी वीज घेतली, तर ती विजेच्या हिशेबात तूट म्हणून उमटते. उपग्रहावरून येणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची गोष्ट वेगळी आहे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह एकच संदेश संपूर्ण देशावर टाकीत असतो. तो किती घरांनी घेतला याची नोंद उपग्रहाकडे नसते, आणि एकाने तो फुकट घेतला म्हणून शेजाऱ्याचा वाटा कमीही होत नाही. यास्तव वर्गणी घेऊन कार्यक्रम दाखविणाऱ्या कंपन्यांना आपल्या वर्गणीदारांची पडताळणी करावी लागते. ती कशी होते आणि प्रामाणिक ग्राहकाला तिचा जाच होऊ नये म्हणून कोणती मर्यादा पाळावयास हवी, याचा बोध अमेरिकेतील अनुभवावरून होतो.

कुलूप आणि किल्ली

उपग्रहाकडे जाणारे कार्यक्रम आधी सांकेतिक रूपात बदलले जातात. घरातील सेट टॉप बॉक्स ते पुन्हा मूळ रूपात आणतो. पण त्यासाठी लागणारी किल्ली बहुधा एका स्मार्ट कार्डात असते. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र क्रमांक असतो. वर्गणी भरली की त्या क्रमांकाच्या नावे उपग्रहामार्फतच परवानगीचा संदेश जातो. वर्गणी थकली की परवानगी काढून घेतली जाते.

ही व्यवस्था चुकविण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, कार्डातील माहितीत फेरफार करून सर्व वाहिन्या फुकट पाहणे. दुसरा, एका घरासाठी घेतलेल्या खात्यावर अनेक घरे चालविणे.

एक खाते, अनेक घरे

अमेरिकेत डायरेक्टीव्हीची सेवा १९९४ साली, तर डिश नेटवर्कची १९९६ साली सुरू झाली. एकाच घरातील दुसऱ्या किंवा तिसऱ्या सेट टॉप बॉक्ससाठी दरमहा थोडे डॉलर जादा भरले की पुरत असे. स्वतंत्र घराला मात्र पूर्ण वर्गणी पडे. साहजिकच काही ग्राहकांनी जादा पेट्या घेऊन त्या नातेवाइकांच्या वा मित्रांच्या घरी बसविल्या आणि बिल आपसांत वाटून घेतले.

हे ओळखण्याचे साधन म्हणजे दूरध्वनीची तार. पेट्या या तारेला जोडाव्यात, असा कंपन्यांचा आग्रह असे. सर्व पेट्या एकाच दूरध्वनीवरून संपर्क साधीत असतील, तर त्या एकाच घरात आहेत असे मानता येई. संशय आल्यास कर्मचारी ग्राहकाला दूरध्वनी करून प्रत्येक पेटी सुरू करावयास आणि पडद्यावरील क्रमांक वाचून दाखवावयास सांगत. पेटी घरात असेल तर हे काही मिनिटांचे काम. दुसऱ्या गावी असेल तर ते अशक्य. परंतु ज्या खोलीत दूरध्वनीची तार नाही, किंवा ज्या घरातील वृद्ध व्यक्तीला पडद्यावरील क्रमांक शोधता येत नाही, तेथे निर्दोष ग्राहकही संशयास पात्र ठरण्याचा धोका होता.

काळा रविवार आणि त्यानंतर

बनावट कार्डांविरुद्ध डायरेक्टीव्हीने तंत्राचा वापर केला. २१ जानेवारी २००१ रोजी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लोकप्रिय अंतिम सामन्याच्या एक आठवडा आधी, कंपनीने उपग्रहावरून असा संदेश धाडला की फेरफार केलेली असंख्य कार्डे एकाच रात्री निकामी झाली. हा दिवस पुढे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला गेला. या उपायाचा रोख फेरफार झालेल्या कार्डावर होता.

पुढचे पाऊल मात्र वादग्रस्त ठरले. स्मार्ट कार्ड वाचणारी व लिहिणारी उपकरणे विकणाऱ्यांकडून खरेदीदारांच्या याद्या मिळवून कंपनीने हजारो लोकांना नोटिसा पाठविल्या व दावे दाखल केले. तडजोडीसाठी सुमारे ३,५०० डॉलरची मागणी होत असे. अशी उपकरणे संगणकाच्या सुरक्षिततेसारख्या वैध कामासाठीही वापरली जातात. तरीही वकिलाचा खर्च न परवडल्याने रक्कम भरून मोकळे होणे अनेकांना सोयीचे वाटले. जून २००४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने, उपकरण केवळ जवळ बाळगल्याबद्दल कंपनीला संबंधित कलमाखाली दिवाणी दावा करता येत नाही, असा निर्णय दिला. त्याच महिन्यात नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांशी झालेल्या चर्चेनंतर, केवळ असे उपकरण खरेदी केले एवढ्यावरून कोणाच्या मागे न लागण्याचे कंपनीने मान्य केले.

आपल्याकडील व्यवस्था

आपल्याकडे जुन्या केबल पद्धतीत प्रश्न वेगळा होता. केबलचालकाने जोडण्या कमी दाखविल्या की वाहिन्यांची वर्गणी व राज्याचे करमणूक शुल्क, दोन्ही बुडे. मुंबईत २०१२ पासून सेट टॉप बॉक्स अनिवार्य झाल्यावर प्रत्येक जोडणीची नोंद होऊ लागली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या विनियमांनी सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्याच यंत्रणेची वार्षिक तपासणी ठरवून दिली. म्हणजे पडताळणीचा पहिला भार ग्राहकावर नव्हे, तर सेवा देणाऱ्यावर टाकण्यात आला.

पडद्यावर मध्येच क्षणभर उमटणारा क्रमांक हाही याच व्यवस्थेचा भाग होय. कोणी पडद्याचे चित्रण करून ते बेकायदेशीरपणे प्रसारित केले, तर त्या क्रमांकावरून मूळ पेटीचा माग लागतो.

ग्राहकाने एवढे करावे : जोडणी स्वतःच्या नावे घ्यावी, पेटीचा क्रमांक व पावत्या जपून ठेवाव्यात, घर बदलल्यास कंपनीला कळवावे आणि जादा पेटी दुसऱ्या घरी देऊ नये. पडताळणीच्या नावाखाली कोणी बँकेचा तपशील किंवा ओटीपी विचारल्यास तो मुळीच देऊ नये. जोडणी अकारण बंद झाली, तर कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे आणि तेथे समाधान न झाल्यास तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

चोरी रोखलीच पाहिजे, कारण तिचा भार अखेर नियमित वर्गणी भरणाऱ्यांवर पडतो. परंतु ती सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची आहे. संशय हा तपासणीचा आरंभ होऊ शकतो. तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.